म्हैसूरचा रविवार कुठून आला?

माघ सरत आला की म्हैसूरच्या पहाटेत गारवा उरतो, पण दुपारी स्वेटर नकोसा होतो. करंजाची जुनी पानं झडून तेलकट चकाकीची कोवळी पालवी फुटते. रस्त्याकडेचे टॅबेबुया बहरतात, काही पिवळे, काही गुलाबी. विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात तर पानं एकही नाही आणि नुसतीच फुलं, असं झाड दर वळणावर भेटतं. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचे पहिले दोन आठवडे, एवढाच हा काळ. पुढे ऊन चढतं, टेकड्यांवरचं गवत करपतं आणि माणसं दुपारी दारं लोटून घेतात. त्याआधीच्या मोजक्या रविवारी मात्र हे शहर घरात सापडत नाही. कुणी पहाटे चामुंडी बेट्टाच्या पायऱ्यांवर असतं, कुणी कुक्करहळ्ळीच्या बांधावर, कुणी डबे बांधून रंगनतिट्टूला निघालेलं, आणि संध्याकाळी निम्मं शहर राजवाड्यासमोर दिवे लागायची वाट बघत उभं.

हा रविवार कसा घडला, याचा मागोवा घेऊ लागलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. म्हैसूरकर ज्या जागांवर मन रमवतात त्यातल्या बहुतेक जागा मन रमवण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. पायऱ्या देवीच्या भक्तांसाठी होत्या, तलाव शेतीच्या पाण्यासाठी, रुंद रस्ते प्लेगच्या धास्तीपायी, आणि प्राण्यांची बाग राजवाड्याच्या हौसेपोटी. बांधणाऱ्याचा हेतू एक होता आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाणाऱ्या माणसांनी त्या जागेला दुसराच अर्थ दिला. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो, कारण तो राजांचा जितका आहे तितकाच पायी चालणाऱ्यांचा आहे.

आधी वाराचं बघू. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी मिळून मोकळं असायचं, ही रीत आपल्याकडे जुनी नाही. माणसं बाहेर पडत ती तिथीनुसार. म्हैसूरजवळ कपिला नदीकाठी नंजनगूड आहे. तिथल्या श्रीकंठेश्वराची मोठी जत्रा वसंताच्या तोंडावर भरते आणि पाच रथ ओढले जातात. त्याच सुमारास मेलुकोट्याला चेलुवनारायणाचा वैरमुडी उत्सव होतो. देवाचा हिऱ्यांचा मुकुट मंड्याच्या सरकारी खजिन्यातून पोलीस बंदोबस्तात गडावर नेतात आणि रात्रभर मिरवणूक चालते. मळणी आटोपलेली, पुढच्या पेरणीला अवकाश, हवा चालण्याजोगी, बैलही मोकळे. आपल्याकडे चैत्रात जोतिबाला आणि शिखर शिंगणापूरला लोटणारी गर्दी याच हिशेबाने निघते. वसंतातली सहल आधी जत्रा होती. देवदर्शन झालं की नदीत डुंबणं, झाडाखाली शिदोरी सोडणं, पोरांना पिपाण्या घेऊन देणं, हे सगळं तिच्यात आलंच.

गिरणीचा भोंगा आला आणि हे पंचांग मोडलं. यंत्राला पौर्णिमा कळत नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं आठवड्याचे सातही दिवस राबत होती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, हे आजही आवर्जून सांगावंसं वाटतं. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवारच का, याचं उत्तर इंग्रजी आठवड्यात आहे तसंच जेजुरीतही आहे, कारण हा खंडोबाचा वार. कामगाराला देवाला जाता यावं, घरच्यांबरोबर चार तास काढता यावेत, हा त्या मागणीचा गाभा होता.

म्हैसुरात कारखाने जरा उशिरा आले. सरकारी रेशीम विणकाम कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला, चंदन तेलाचा कारखाना १९१७ मध्ये, आणि अशोकपुरमची रेल्वे कार्यशाळा १९२४ च्या सुमारास. त्या काळापासून हजारो कुटुंबांना एकाच दिवशी मोकळीक मिळू लागली. दिवस हाताशी आला, आता जागा हव्या होत्या. त्या आधीपासूनच तयार होत्या.

सर्वांत जुनी जागा चामुंडीचा डोंगर. दोड्डदेवराज वडेयर १६५९ ते १६७३ गादीवर होते. त्यांच्या काळात पायथ्यापासून देवळापर्यंत सुमारे हजार दगडी पायऱ्या बांधल्या गेल्या, आणि वाटेवर एका अखंड खडकातून बसलेला नंदी कोरला गेला, जवळपास सोळा फूट उंच आणि चोवीस फूट लांब. ही वाट पूर्णपणे भक्तीची. आजही नवस बोललेल्या बायका हळदी-कुंकवाची वाटी घेऊन खालच्या पायरीपासून सुरुवात करतात. वाकायचं, दगडाला हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट लावायचं, पुढची पायरी. हजार वेळा वाकणं हे साधं काम नव्हे. दुपारपर्यंत पायऱ्यांवर पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांची रांग लागलेली असते. त्यांच्याच बाजूने बुटांच्या नाड्या आवळलेली पोरं धापा टाकत चढत असतात, कुणी नाडीचे ठोके मोजतं, कुणी घड्याळ लावून कालच्यापेक्षा लवकर वर पोचायच्या खटपटीत असतं. कुणालाच कुणाची अडचण होत नाही. वयस्क माणसं नंदीपाशी पहिली मोठी विश्रांती घेतात. पाठीमागे वळून पाहिलं की खाली रेसकोर्सचं लंबवर्तुळ, कारंजी तलावाचा तुकडा आणि ललितमहालाचा पांढरा घुमट दिसतो. पायऱ्या बांधणाऱ्याला हे दृश्य अभिप्रेत नसावं. पण डोंगर चढणाऱ्याला मान वळवण्यापासून कोण अडवणार?

पुणेकरांना हे नवं वाटणार नाही. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर १७४९ मध्ये देवदेवेश्वराचं देऊळ उभारलं ते पुण्याच्या मंडळींना रोजचा व्यायाम मिळावा म्हणून नव्हे, पण आज पहाटे पर्वतीवर दिसणारी गर्दी मुख्यतः व्यायामाचीच असते. चामुंडीवर रोपवे बांधायची कल्पना मध्यंतरी पुढे आली तेव्हा म्हैसूरकरांनी कडाडून विरोध केला. डोंगरावरची झाडी आणि उतार सांभाळण्याचा मुद्दा त्यात होताच. त्याइतकीच खरी गोष्ट ही की पायऱ्या चढणं हेच तिथल्या सुखाचं अर्धं अंग आहे.

दुसरी जागा पाण्याची. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, शहराच्या पश्चिमेला कुक्करहळ्ळी तलाव बांधला गेला. हेतू सरळ होता: शहराबाहेरच्या शेतीला पाणी. मातीचा बांध, दगडी अस्तर आणि पाणी सोडायचा दरवाजा, दक्षिणेत शेकडो ठिकाणी बांधली गेलेली ही साधी रचना. तलावाचा घेर सुमारे पाच किलोमीटर. पुढे शहर वाढत वाढत तलावाच्या पलीकडे गेलं, शेतं हटली, आणि पाण्याला गिऱ्हाईकच उरलं नाही. अशा वेळी अनेक शहरांनी तलाव बुजवून बसस्थानकं आणि मैदानं केली. म्हैसूरच्या या तलावाच्या काठावर १९६० मध्ये विद्यापीठाचा परिसर वसला. कुलगुरू होते कन्नडचे महाकवी कुवेंपू. परिसराला मानसगंगोत्री हे नाव त्यांनीच दिलं. विद्यापीठाच्या ताब्यात आल्यामुळे तलाव बिल्डरांपासून वाचला. सांडपाण्यापासून मात्र तो सुटला नाही. आसपासच्या वस्त्यांची गटारं त्यात मिसळत होती, मासे मरत होते, आणि त्याविरुद्ध सतत आवाज उठवला तो तिथे रोज फिरायला येणाऱ्या माणसांनी. पाण्याचा मूळ मालक शेतकरी निघून गेल्यावर फिरणारा माणूस तलावाचा राखणदार झाला.

लेखकांनी हा काठ फार आधी ओळखला होता. आर. के. नारायण यांचे वडील म्हैसूरच्या शाळेत मुख्याध्यापक होते. कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत नापास झाल्यामुळे नारायण यांना एक वर्ष रिकामं मिळालं, आणि ते त्यांनी वाचण्यात आणि भटकण्यात घालवलं. ‘माय डेज’ या आत्मकथनात तलावाकाठच्या त्या वाचनाची आठवण आहे. शहरभर पायी हिंडायची त्यांची सवय पुढेही सुटली नाही. त्यांच्या कथांतल्या काल्पनिक मालगुडी गावात माणसं नदीकाठी रेंगाळतात, रस्त्यात उभी राहून गप्पा मारतात, त्यांना कुठेही पोचायची घाई नसते. त्या सगळ्याला म्हैसूरच्या संध्याकाळचा वास येतो.

फेब्रुवारीत या तलावावर पक्षी भरपूर असतात. पाण्यातल्या बेटावरच्या झाडांवर पाणकावळे पंख उघडून वाळवत बसतात. चित्रबलाकांच्या शेपटीकडची पिसं या दिवसांत गडद गुलाबी होतात, कारण हा त्यांच्या विणीचा काळ. पेलिकन उतरताना बघावा. एवढं जड शरीर पाण्याच्या जवळ येतं, पाय पुढे काढतं, पाण्यावर दोन लांब रेघा ओढत घसरत जातं आणि थांबतं. चालणारे थांबतात, बघतात, पुन्हा चालू लागतात. बांधावर दुर्बिणीवाले आहेत, योगासनांचे गट आहेत, हातात हात घालून चालणारी कॉलेजची मुलं आहेत आणि निवृत्त प्राध्यापकांचे ठरलेले बाक आहेत.

फिरून झाल्यावर चुरमुरी. आपल्या भेळेशी तिचं नातं असलं तरी तिच्यात चिंच-गुळाचं पाणी नसतं, शेव असली तर नावाला. पातेल्यात कुरमुरे, किसलेलं गाजर, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, शेंगदाणे, मिरचीचं वाटण, मीठ, लिंबू आणि वरून खोबरेल तेल. मराठी माणूस तेलाची बाटली बघून क्षणभर बिचकतो, पण कुरमुऱ्याचा कुरकुरीतपणा टिकतो तो त्या तेलानेच. विक्रेता चमचा पातेल्याच्या कडेवर आपटत दोन-तीनदा सगळं वरखाली करतो आणि कागदाच्या पुडीत भरून देतो. मार्च उजाडला की शेजारी तोतापुरी कैरीच्या फोडी येतात, पंख्यासारख्या चिरलेल्या, तिखट-मीठ भुरभुरलेल्या. गाड्यावर कैरी दिसली की वसंत आला, एवढं ज्ञान म्हैसुरात लहान पोरालाही असतं.

शेतीच्या पाण्यातून सुख निघाल्याचं आणखी एक उदाहरण शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, श्रीरंगपट्टणजवळ आहे. कंठीरव नरसराज वडेयर यांनी १६४५ ते १६४८ च्या दरम्यान कावेरीवर बंधारा घालून कालवा काढला. त्या बंधाऱ्यामुळे नदीच्या पात्रात छोटी बेटं तयार झाली, आणि माणसाच्या वाऱ्यापासून दूर असलेल्या त्या बेटांवर पक्ष्यांनी घरटी घातली. जवळपास तीनशे वर्षं हा शेजार कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी तो पाहिला, म्हैसूरच्या महाराजांना त्याचं महत्त्व पटवलं आणि १९४० मध्ये रंगनतिट्टू अभयारण्य झालं. पक्षी बघायला नावेतून नेतात, वल्ह्यांनी, त्यामुळे इंजिनाचा आवाज नसतो. खडकांवर मगरी तोंड उघडून ऊन खात असतात आणि त्यांच्या वरच्या फांद्यांवर चित्रबलाक काटक्या रचत असतात. नाव इतकी जवळून जाते की पिल्लाच्या चोचीत जाणारा घास दिसतो. २०२२ मध्ये या जागेला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला.

आता झाडांकडे वळतो, आणि इथे मराठी वाचकाने जरा सावरून बसावं, कारण ही वाट बडोद्यावरून येते. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर १८७५ मध्ये सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण झाले. ते कुंभकोणमकडच्या तंजावरी मराठी घराण्यातले. नवे महाराज सयाजीराव अजून लहान होते आणि कारभार माधवरावांकडे होता. याच काळात, १८७९ मध्ये, विश्वामित्री नदीकाठची कमाटी बाग लोकांसाठी खुली झाली. संस्थानाच्या पैशाने केलेली बाग प्रजेच्या फिरण्यासाठी ठेवायची, ही कल्पना तेव्हा नवी होती. याच बडोद्यात १८९३ मध्ये गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगल हा जर्मन बागतज्ज्ञ आला. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा माणूस. त्याने गायकवाडांच्या बागा पाहिल्या, झाडं ओळखली, इथलं ऊन ओळखलं, आणि आयुष्याची उरलेली वर्षं हिंदुस्थानातच काढली.

१९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आला. तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव, तेही तंजावरी मराठी, पुढे बडोद्याचेही दिवाण झालेले. त्यांच्यानंतर १९०९ मध्ये दिवाणपदी आले टी. आनंदराव, म्हणजे कमाटी बागेच्या काळातल्या बडोद्याच्या त्या दिवाणांचे चिरंजीव. बडोदा आणि म्हैसूर ही दोन संस्थानं एकमेकांकडे बघत होती, माणसं देवघेव करत होती, आणि त्या देवघेवीत दक्षिणेतल्या मराठी घराण्यांचा हात होता. इतिहासात दिवाणांच्या नावापुढे कालवे आणि कायदे लिहिले जातात. सावलीही लिहायला हवी होती.

क्रुम्बिगलचं मुख्य ठाणं बंगळूरचा लालबाग. पण त्याने रुजवलेली एक कल्पना साऱ्या संस्थानाची झाली: झाडं अशी लावायची की एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा आणि वर्षाचा एकही महिना रस्ता बिनफुलांचा राहू नये. आपल्या रानात निसर्गाने हे आधीच मांडून ठेवलं आहे. माघात पळस पेटतो, तोवर सावरीची मांसल लाल फुलं येतात, पांगारा त्यांना गाठतो, मग बहावा. क्रुम्बिगलने हे रानाचं वेळापत्रक शहरात आणलं आणि त्यात परदेशी झाडं गुंफली. आज वसंतात सर्वांत जास्त फोटो निघतात ते टॅबेबुयाचे. ते झाड दक्षिण अमेरिकेतलं आणि त्याची लागवड बरीचशी नंतरच्या काळातली. तरीही रस्त्यावर बहर क्रमाने यावा ही अपेक्षा म्हैसूर-बंगळूरच्या माणसाच्या मनात पेरली ती त्याच काळाने.

रस्त्यांचं म्हणाल तर ते प्लेगचं देणं आहे. १८९८ च्या सुमारास साथ म्हैसुरात शिरली आणि राजवाड्याभोवतालची दाट वस्ती धोक्याची ठरली. १९०३ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं, देशातल्या पहिल्या काही मंडळांपैकी एक. जुन्या गल्ल्या मोकळ्या केल्या, नव्या वसाहती आखल्या, त्यांत चौक, बागा आणि दुतर्फा झाडांचे रुंद रस्ते ठेवले. हवा खेळती राहावी म्हणून केलेले ते रस्ते आज संध्याकाळी फिरण्याचे रस्ते आहेत.

प्राणिसंग्रहालयाचं थोडक्यात सांगतो. चामराज वडेयर यांनी १८९२ मध्ये आपल्या उन्हाळी बंगल्याच्या सुमारे अकरा एकर आवारात ते सुरू केलं. ए. सी. ह्यूज या अधिकाऱ्याने पहिली तीन दशकं ते सांभाळलं. राजवाड्याचं खासगी संग्रहालय, ते लोकांचं झालं. १९७६ मध्ये शेजारचा कारंजी तलाव त्यात आला. लहान मुलं असलेल्या घरांचा रविवार इथेच जातो आणि त्यात गैर काही नाही. मला स्वतःला पिंजऱ्यांपेक्षा तलावाकडची बाजू आवडते.

आणि आता ती एक जागा, जी खरोखर आनंदासाठी बांधली गेली: बृंदावन बाग. तिची गोष्ट एका धरणापासून सुरू होते. कावेरीवर कन्नंबाडी गावाजवळ धरण बांधायचं काम १९११ मध्ये, टी. आनंदरावांच्या दिवाणगिरीत, सुरू झालं. मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, नोकरीची पहिली वीसहून अधिक वर्षं त्यांनी मुंबई इलाख्यात काढली, आणि पुराच्या पाण्याबरोबर आपोआप उघडझाप करणारे त्यांचे दरवाजे प्रथम १९०३ मध्ये बसले ते खडकवासल्याला. तिथला अनुभव त्यांनी कावेरीवर आणला. कृष्णराजसागर नावाच्या या धरणाचा हेतू अगदी व्यवहारी होता. मंड्याच्या कोरडवाहू जमिनीला पाणी द्यायचं होतं, आणि शिवनसमुद्रच्या वीजकेंद्राला बारमाही प्रवाह द्यायचा होता, कारण तिथली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. सुर्कीच्या चुन्यात बांधलेली अडीच किलोमीटरहून लांब भिंत १९३१ च्या सुमारास पुरी झाली. तिच्यापायी जुनं कन्नंबाडी आणि आसपासची गावं पाण्याखाली गेली. तिथलं वेणुगोपालाचं देऊळ अनेक दशकं जलाशयात होतं. पाणी फार ओसरलं की त्याचे खांब दिसत. अलीकडे ते दगड दगड उचलून काठावर पुन्हा उभारलं आहे. तिथे जाणाऱ्याने बागेइतकाच वेळ या देवळाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

धरण पुरं होत असतानाच दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याच्या पायथ्याशी बाग मांडली. काश्मीरच्या शालिमारची टप्प्याटप्प्याने उतरणारी आखणी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि आखणीत क्रुम्बिगलचाही हात होता. १९२७ मध्ये सुरू झालेली ही बाग १९३२ मध्ये तयार झाली. आधीचं नाव कृष्णराजेंद्र टेरेस गार्डन्स, लोकांच्या तोंडी बसलं ते बृंदावन. कारंज्यांना पंप लागत नव्हते. मागे धरणात साठलेल्या पाण्याचा दाबच त्यांना उंच नेई. वीज संस्थानाची स्वतःची, त्यामुळे दिवेही मुबलक. मिर्झा इस्माईल यांना शहरं सुंदर करण्याचा ध्यास होता. सिंचनाच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात फुलांना जागा देणारा प्रशासक विरळा, आणि मी त्यांना या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोठा माणूस मानतो.

खडकवासल्याच्या काठावर रविवारी कणसं आणि कांदाभजी खाणाऱ्या पुणेकरांना धरणाची सहल कळते. फरक एवढाच की तिथे बाग कुणी मांडली नाही, लोकच चौपाटी घेऊन गेले. बृंदावनाला पूर्वी धरणाच्या भिंतीवरून चालत जाता येई, एका हाताला अथांग पाणी आणि दुसऱ्या हाताला खोल बाग. सुरक्षेपायी ते बंद झालं. २०१८ मध्ये इथे डिस्नेलँडच्या धर्तीवर मोठा प्रकल्प करायची घोषणा झाली तेव्हा मंड्याच्या शेतकऱ्यांनी धरणाच्या काळजीने विरोध केला. त्यांची बाजू मला पटते. कारंजं, गवत, पाण्याचा आवाज आणि थंड वारा यांवर नव्वद वर्षं लोक खूश आहेत. त्यात उंच पाळण्यांची भर घालून कुणाचंही सुख वाढणार नाही.

आता राजवाड्याचे दिवे. शिवनसमुद्रची वीज १९०८ मध्ये म्हैसूर शहरात आली. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये लग्नसमारंभातल्या आगीत जळाला होता आणि हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर नवा उठत होता. तो १९१२ मध्ये पुरा झाला. आज दर रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास त्यावरचे जवळजवळ एक लाख दिवे एकदम लागतात. छोटे पिवळे बल्ब, कमानीच्या प्रत्येक रेषेवर ओवलेले. लोक आवारात घोळक्याने उभे असतात, पोरं खांद्यावर, आणि दिवे लागताच एक मोठा ‘हो’ उठतो. तंत्रज्ञान शंभर वर्षांहून जुनं, तरी तो ‘हो’ दर रविवारी तितकाच खरा असतो.

गेल्या वीसेक वर्षांत या रविवारात मराठी आवाज वाढलेत. इन्फोसिसचं मोठं प्रशिक्षण केंद्र म्हैसुरात आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नांदेडहून नुकतीच पदवी घेतलेली मुलंमुली काही महिन्यांसाठी तिथे येतात. आठवडाभर परीक्षा आणि प्रोग्रॅमिंग, शनिवार-रविवार मोकळा. बहुतेकांचा घराबाहेरचा हा पहिलाच मुक्काम आणि हातात पहिला पगार. ती चामुंडीच्या पायऱ्या चढतात, भाड्याच्या सायकली आणि स्कूटर घेऊन श्रीरंगपट्टण गाठतात, बृंदावनच्या कारंज्यांपुढे फोटो काढून आईला पाठवतात. अनेक मराठी घरांत आज म्हैसूर हे ‘उटी-म्हैसूर’ सहलीतलं अर्धं नाव नसून मुलाच्या पहिल्या नोकरीचं गाव आहे.

जायचं असेल तर होळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे धरावेत. दादरहून शरावती एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, हुबळी करत थेट म्हैसूरला पोचते. मंगळवार टाळावा, प्राणिसंग्रहालय बंद असतं. रविवारी उजाडायच्या आत पायऱ्यांशी पोचावं, कारण आठनंतर दगड तापू लागतो. रंगनतिट्टूला सकाळच्या पहिल्या नावा धराव्यात, पक्षी तेव्हा चांगले दिसतात. दुपारी झोप काढावी. चारनंतर कुक्करहळ्ळी, बांधावरून एक पुरा फेरा, मग चुरमुरी, आणि सातच्या आत राजवाड्यासमोर जागा पकडावी.